लोकनिधी कोणाच्या हवाली?

हुबळीहून कारवारास जाणाऱ्या रस्त्यावर कलघटगी हे तालुक्याचे गाव लागते. रंगीत लाकडी पाळण्यांसाठी त्याची कर्नाटकात ख्याती आहे. या तालुक्यातील रानालगतच्या वस्त्यांत सिद्दी कुटुंबे राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून ज्यांना गुलाम म्हणून गोमंतकात आणले, त्यांतील अनेकांनी घाट चढून रानाचा आसरा घेतला. सिद्दींपैकी बऱ्याच जणांचे ते पूर्वज. तेव्हा कलघटगीचे सुखदुःख आमच्या वाचकाला अगदीच परके नाही. धारवाड व बेळगाव जिल्ह्यांतील सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळावयास २०२० साल उजाडावे लागले. आणि चारेक वर्षे लोटतात न लोटतात तोच, कर्नाटकातील अनुसूचित जमातींच्या उत्कर्षासाठी असलेल्या महर्षी वाल्मीकी विकास महामंडळाचा पैसा बँकेतल्या बँकेतून नाहीसा झाला.

महामंडळातील एका अधिकाऱ्याने मे २०२४ मध्ये आत्महत्या केली व मागे ठेवलेल्या चिठ्ठीने हे प्रकरण चव्हाट्यावर आले. बंगळूरच्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत महामंडळाचे खाते होते. तेथून सुमारे ९० कोटी रुपये परराज्यातील बनावट खात्यांत गेले, असे तपासयंत्रणांचे म्हणणे आहे. खात्याचे मंत्री बी. नागेंद्र यांना जूनमध्ये राजीनामा द्यावा लागला. आरोप त्यांना मान्य नाहीत. दोषी कोण याचा निवाडा न्यायालय करील. आमचा प्रश्न निराळा आहे. हा पैसा तेथे होताच कशासाठी?

ही अफरातफर राज्याच्या खजिन्यात झाली नाही, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. राज्याचा एकत्रित निधी रिझर्व्ह बँकेशी केलेल्या कराराखाली सांभाळला जातो आणि त्यातून पैसा काढावयाचा तर विधिमंडळाची मंजुरी लागते. परंतु तोच पैसा अनुदान म्हणून महामंडळाच्या खात्यात पडला, की सरकारी वहीत तो ‘खर्च झाला’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात लाभार्थ्याच्या हाती दमडीही पोहोचलेली नसते. रक्कम कोठल्याशा शाखेत पडून राहते आणि ती शाखा कोणती, हे दोन-चार अधिकारी ठरवितात. विधिमंडळाच्या लेखी खर्च झालेला आणि गरिबाच्या लेखी अद्याप न आलेला असा हा पैसा अधांतरी लोंबकळत असतो. त्यावर घारीची नजर असावयाचीच.

त्याच वर्षी १२ ऑगस्ट रोजी कर्नाटकाच्या अर्थखात्याने एक परिपत्रक काढले. स्टेट बँक व पंजाब नॅशनल बँक यांतील सर्व सरकारी खाती बंद करावीत व ठेवी काढून घ्याव्यात, असा तो हुकूम होता. कारण जुने होते. औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाची १२ कोटींची व प्रदूषण नियंत्रण मंडळाची १० कोटींची ठेव दशकापूर्वी लबाडीने लुबाडली गेली होती आणि बँका भरपाईस राजी नव्हत्या. चारच दिवसांत हुकूम स्थगित झाला. सप्टेंबरात बँकांनी पैसे भरताच तो मागे घेण्यात आला. सरकारचा संताप रास्त होता आणि तो फळालाही आला, हे कबूल केले पाहिजे. वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहाराने जे साधले नाही, ते काही आठवड्यांच्या धमकीने साधले. परंतु धमकी एकदाच चालते. शिवाय, स्टेट बँकेतून काढलेला पैसा न्यावयाचा कोठे? मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा एकट्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचे ९०० कोटींहून अधिक रुपये तेथे अडकले होते.

बँकांचा कारभार हा घटनेने केंद्राच्या सूचीत घातलेला विषय आहे. ज्या जुन्या धारवाड जिल्ह्यात, कणगिनहाळ येथे, १९०५ साली देशातील आरंभीची सहकारी पतसंस्था निघाली, तेथील सहकारी बँकांच्या बँकव्यवहारावरही १९६६ पासून रिझर्व्ह बँकेचीच हुकमत चालते. राज्य सरकार बँकेचा परवाना देऊ शकत नाही की काढू शकत नाही. मात्र स्वतःचा पैसा कोणाच्या हवाली करावा, हे ठरविणे सर्वस्वी राज्याच्या हाती आहे. सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी कायदा करण्याचा अधिकार घटनेच्या २८३व्या कलमाने विधिमंडळाला दिलेला आहे. तो बाजूस ठेवून परिपत्रकांवर राज्य हाकणे हा आळस आहे.

परदेशांत असे कायदे जुने आहेत. कॅलिफोर्नियात सरकारी ठेव घेणाऱ्या बँकेला ठेवीहून अधिक किमतीचे तारण द्यावे लागते. नॉर्थ डाकोटाने तर १९१९ साली स्वतःची बँक काढून राज्याचा निधी तेथेच ठेवण्याचा दंडक घातला. आपल्याकडे सामान्य ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे. राज्य सरकारच्या ठेवींना तेवढेही नाही.

गोमंतकीयांना या गोष्टीचे चटके ठाऊक आहेत. मुक्तीच्या सुमारास पोर्तुगीज बँकेने लिस्बनला हलविलेले लोकांचे गहाण सोने परत यावयास १९९१ साल उजाडले. अलीकडे म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांनी घातलेले हेलपाटे आम्ही पाहिले आहेत.

कायदा फार मोठा नको. महामंडळाने वा मंडळाने अर्थखात्याच्या लेखी संमतीवाचून खाते उघडू नये. प्रत्यक्ष देणे उभे राहीपर्यंत पैसा खजिन्यातच राहावा. ठेवीची पावती बँकेच्या मुख्य कचेरीकडून पडताळून घ्यावी. आणि सर्व खात्यांची शिलकेसह यादी दरवर्षी सभागृहापुढे यावी. कर्नाटकाचे विधिमंडळ हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावास भरते. असे विधेयक तेथे मांडावयास हरकत कोणती? आणि पर्वरीस बसणाऱ्या आमच्या आमदारांनीही गोव्यातील महामंडळांच्या खात्यांची यादी येत्या अधिवेशनात मागावी. त्याला नव्या कायद्याचीही गरज नाही, एक तारांकित प्रश्न पुरे.