ही चाल कुणाची?

हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळाची यादी करायला कुणी बसला, की अनिल विश्वास, नौशाद, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन, मदनमोहन ही नावे पहिल्या दमात येतात. वसंत देसाईंचे नाव आलेच तर मागाहून येते, आणि तेही बहुधा ‘शांतारामबापूंचे संगीतकार’ या ओळखीने. ही ओळख खोटी नाही. पण तिच्यामुळे या माणसाचे निम्मे काम झाकले गेले आहे, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

देसाईंचा जन्म १९१२ सालचा, कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. दशावताराचा आणि भजनाचा हा मुलूख. तिथून ते कोल्हापूरला ‘प्रभात’मध्ये आले आणि पडेल ते काम करू लागले. लहानसहान भूमिका केल्या, गायले, साथीला बसले. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव या तिघांची चाल बांधण्याची रीत त्यांना तिथे जवळून पाहायला मिळाली. संगीताचे याहून चांगले विद्यालय त्या काळी दुसरे कुठले असणार? पुढे व्ही. शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले, ‘राजकमल’ उभे राहिले आणि १९४३ च्या ‘शकुंतला’चे संगीत देसाईंकडे आले. मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात तो १०४ आठवडे चालला.

यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ‘डॉ. कोटणीस’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’. शाहीर होनाजीची भूपाळी आज घरोघरी ज्या चालीत म्हटली जाते, ती चाल १९५१ च्या चित्रपटातली आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. ‘झनक झनक’मध्ये शीर्षकगीताला उस्ताद अमीर खाँ, नाचायला गोपीकृष्ण आणि पार्श्वसंगीतात संतूर घेऊन तरुण शिवकुमार शर्मा, असा थाट होता. खरे सांगायचे तर, मला हे संगीत त्या चित्रपटाच्या रंगांसारखेच जरा भडक वाटते. सगळे दागिने एकदम अंगावर घातल्यासारखे.

म्हणूनच दोनच वर्षांनी आलेला ‘दो आँखें बारह हाथ’ ऐकताना नवल वाटते. गदिमांची कथा, औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा आधार, पडद्यावर कृष्णधवल माळरान. इथे देसाईंनी सारे दागिने उतरवून ठेवले. सहा खुनी आणि त्यांचा जेलर यांची प्रार्थना आहे ती. गवयाच्या गळ्याची चाल त्यांच्या तोंडी शोभलीच नसती. भरत व्यासांच्या शब्दांना देसाईंनी जी चाल दिली तिच्यात अवघड हरकत नाही, ओळ संपते तिथे श्वास घ्यायला जागा आहे आणि सूर जरासा इकडेतिकडे झाला तरी गाणे कोसळत नाही. लतादीदींनी ती गायिली ती अर्थातच त्यांच्या उंचीवरून. पण गाणे न शिकलेल्या शंभर मुलांनीही ती म्हणावी आणि तरी ती प्रार्थनाच वाटावी, हे श्रेय चाल बांधणाऱ्याचे.

मागे एका शाळेच्या कार्यक्रमाला गेलो असताना मुलांनी हीच प्रार्थना म्हटली. नंतर मी पहिल्या रांगेतल्या एका मुलीला विचारले, ‘ही चाल कुणाची गं?’ ती गोंधळली आणि म्हणाली, ‘आमच्या शाळेची आहे, काका.’ शेजारी बसलेल्या बाईंनाही संगीतकाराचे नाव आठवेना. १९७१ च्या ‘गुड्डी’तली शाळेची प्रार्थना हीसुद्धा देसाईंचीच. म्हणजे देशातल्या कितीतरी शाळांचा दिवस आजही या एका माणसाच्या सुरांवर सुरू होतो. वास्तविक हे काही योगायोगाने घडलेले नाही. हजारो शाळकरी मुलांना एकत्र उभे करून समूहगीते म्हणवून घेण्याचे काम ते स्वतः हौसेने करीत. मुलांचा गळा कुठवर पोचतो याचा त्यांना चांगला अंदाज होता.

आणि ‘राजकमल’बाहेर? १९५९ साली शांतारामबापूंचा ‘नवरंग’ सी. रामचंद्रांकडे गेला. त्याच वर्षी देसाईंनी विजय भट्ट यांच्यासाठी ‘गूँज उठी शहनाई’ केला. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई चित्रपटभर घुमवूनही त्यांनी गाणी गल्लीबोळांत गुणगुणण्याजोगी ठेवली. हृषीकेश मुखर्जींच्या ‘आशीर्वाद’मध्ये त्यांनी अशोककुमारांकडूनच आगगाडीचे गाणे गाऊन घेतले. वाणी जयराम हिंदीत आल्या त्या ‘गुड्डी’तून, मियाँ मल्हारातल्या गाण्याने. त्याआधी कुमार गंधर्वांसारख्या बुजुर्गाबरोबर त्यांना मराठी नाट्यगीतात उभे केले तेही देसाईंनीच, ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या तेव्हा कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेल्या संस्कृत शांतिगीताला चाल होती आमच्या या सोनवड्याच्या देसाईंची. आता यातले ‘शांतारामबापूंचे’ किती?

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले. त्रेसष्ट वर्षांचे होते.

पूर्वी रेडिओवर निवेदक गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावे सांगत. त्यामुळे गाणे न शिकलेल्या आमच्या आईलाही संगीतकार ओळखू येत. आता मोबाइलच्या पडद्यावर गायकाचे आणि चित्रपटाचे नाव ठळक दिसते, बाकीचे शोधावे लागते. तेव्हा निदान शाळांनी प्रार्थनेच्या वहीत कवीच्या नावाखाली संगीतकाराचेही नाव छापावे. आणि घरात मुले असतील तर आज सकाळी त्यांना आधी ‘अमर भूपाळी’तली भूपाळी ऐकवा, मग आशीर्वादातली आगगाडी. दोन्ही गाणी एकाच माणसाची आहेत, हे मात्र शेवटी सांगा.