धुतलेली मैफल

गवयांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध करणाऱ्या मंडळींनी अलीकडे एक नवेच सोवळे पाळावयास आरंभ केला आहे. श्रोत्यांचा खोकला नको, तंबोरा जुळविण्याचा नाद नको, तबल्यावरील हातोडीचा ठोका नको, समेवरची दाद तर नकोच नको. हा सर्व विटाळ काढून टाकिला म्हणजे मागे उरते ते ‘शुद्ध’ संगीत, अशी या मंडळींची समजूत दिसते. ही समजूत गवयावर आणि श्रोत्यांवर सारखाच अन्याय करणारी आहे असे आमचे मत फार दिवसांचे आहे. परंतु ते बोलून दाखविण्यास आम्हांस नुकतेच एक ताजे कारण मिळाले.

आमच्या नांदेडच्या घरी एक जुनी फीत आहे. पुण्यातील एका मैफलीत पंडित भीमसेन जोशी यांनी गाइलेला शुद्धकल्याण तीत आहे. पुण्यास नोकरीला असलेल्या आमच्या मामांनी ती कोणाकडून तरी उतरवून आणिली आणि तिची एक नक्कल पुढे लातुरास, आमच्या बहिणीच्या सासरी गेली. हीच मैफल एका कंपनीने तबकडीवर काढिल्याचे कळताच आम्ही ती मोठ्या हर्षाने विकत घेतली. दाराला कडी लावून ऐकावयास बसलो, आणि ऐकून उठलो ते संतापून. फितीवरील शुद्धकल्याण सहासष्ट मिनिटांचा आहे. तबकडीवरील एकोणपन्नास मिनिटांचा निघाला. असल्या तबकडीवर चौऱ्याहत्तर मिनिटे सुखाने मावतात, तेव्हा जागेची अडचण ही सबबही उरत नाही.

पुण्यामुंबईच्या रसिकांस एका फितीचे हे कौतुक अतिरेकी वाटेल. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ सालापासून ज्यांच्या दाराशी भरत आला, त्यांस तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पण आमच्याकडची स्थिती निराळी होती. नांदेडच्या माणसाने पुण्यास जावयाचे तर मीटर गेजच्या गाडीने मनमाड गाठून तेथे गाडी बदलावयाची. लातूरकराने बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून डुलत डुलत कुर्डुवाडीस उतरावयाचे. रूळ रुंद झाले, पण तोपर्यंत नांदेडकरांना १९९० नंतरची आणि लातूरकरांना २००० नंतरची वर्षे उजाडली होती. थोर गवयी आमच्याकडे येत नसत असे नाही. परंतु त्यांचे येणे म्हणजे पर्वणी, आणि पर्वणीवर कोणाचा कान तयार होत नाही. आमचा कान तयार झाला तो फितीवर. फीत चालू असता कोणी बोलले तर वडील ‘मैफल चालू आहे’ म्हणून दटावीत आणि ख्याल संपेपर्यंत चहाचे आधण चुलीवर चढत नसे.

त्या फितीत पुढच्या रांगेत बसलेले कोणी एक गृहस्थ आहेत. त्यांचा आवाज घोगरा आहे. सम येण्यापूर्वी अर्धा मात्राभर ते हुंकार देतात, आणि समेवर ‘वा’ म्हणतात. आम्हां मुलांना विलंबित एकताल मोजता येत नव्हता. सम कोठे आहे हे आम्हांस प्रथम कळले ते या गृहस्थांमुळे. पुढे पुढे आम्हीही त्यांच्याबरोबर हुंकार देऊ लागलो आणि एके दिवशी त्यांच्या आधी दिला. त्या दिवशी वडिलांनी काही न बोलता आमच्याकडे वळून पाहिले, ते आम्ही अद्याप विसरलो नाही. तबकडीवरून हे गृहस्थ पार नाहीसे झाले आहेत. त्यांच्या जागी नितळ शांतता आहे. आज नांदेडात किंवा लातुरात एखादे मूल ती तबकडी ऐकेल, तर त्यास गाणे ऐकू येईल, परंतु गाणे ऐकावे कसे हे शिकविणारे त्याच्या शेजारी कोणी असणार नाही. कीर्तनातून मागचे टाळकरी किंवा आमच्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील शबदकीर्तनातून संगत काढून टाका असे कोणी सुचविले, तर त्यास आपण काय म्हणू? मग ख्यालाच्याच मैफलीने असे कोणते पाप केले आहे?

याहून मोठा अपराध पुढेच आहे. ख्याल रंगात असता जोडीची एक तार उतरते. पंडितजी थांबतात; तार पुन्हा मिळविली जाते; दीडदोन मिनिटे नुसता तंबोरा वाजत राहतो आणि सभागृह त्याकडे कान लावून बसते. मग जो षड्ज लागतो त्याने आमच्या बैठकीतील माणसे दर वेळी खाली पाहू लागत. किराना घराण्याची सारी इमारतच स्वराच्या सच्चेपणावर उभी आहे. तंबोरा हा तिचा पाया. तबकडीवर ही मिनिटे कापून दोन टोके अशी सांधिली आहेत की सांधा कळू नये. षड्ज आहे, पण तो आता कोठून आला ते समजत नाही. तीच गत आवाजाची. पंडितजी गाताना अंग झोकून देत, मुख मायक्रोफोनपासून दूर जाई, तान लांबून येऊन एकदम अंगावर आदळे. कारागिरांनी हे चढउतार रंधा मारून सपाट केले आहेत. आणि शेवटी? फितीवर गाणे संपल्यावर क्षणभर कोणी टाळी वाजवीत नाही. तबकडीवर टाळ्या तत्काळ सुरू होतात.

आमची फीतही पूर्ण नाही, हे आम्ही आपण होऊन सांगतो. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू उलटताना दोनतीन आवर्तने गळालेली आहेत. पण ते भोक उघडे आहे; ऐकणाऱ्यास कळते की येथे काही गेले. कंपनीने सतरा मिनिटे नेली आणि वर रफू केले, आमची तक्रार ती आहे. फितीची खरखर किंवा विजेची गुणगुण काढण्यास आमची हरकत नाही. ती गवयाची नव्हे आणि श्रोत्यांचीही नव्हे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या तर अवघ्या तीनसाडेतीन मिनिटांच्या होत्या, आणि त्यांपैकीच एका ठुमरीने अकरा वर्षांच्या भीमसेनास वेड लावून १९३३ साली घराबाहेर काढिले. मग लहान केल्याने संगीताचे काय बिघडते? उत्तर असे की ती तीन मिनिटे खाँसाहेबांनी स्वतः बेतलेली होती. काय घ्यावे व काय सोडावे हा निर्णय गाणाराचा होता. येथे तो दुसऱ्याच कोणीतरी, गवयास न विचारता केला, आणि २४ जानेवारी २०११ नंतर विचारण्याची सोयही राहिली नाही. शिवाय तो मुलगा तबकडी ऐकून घरी बसला नाही, हेही आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर असा भटकून तो अखेर कुंदगोळास सवाई गंधर्वांपुढे जाऊन बसला.

आम्ही कंपनीस पत्र लिहिले. जे कापले ते परत द्या असे न मागता, किती कापले एवढे वेष्टणावर छापा, इतकेच मागितले. हल्लीच्या श्रोत्यांस धीर नसतो, असे उत्तर आले. हल्लीच्या श्रोत्यांस हे कोणी विचारले होते, त्याचा उत्तरात उल्लेख नाही.

ज्यांस आमचे म्हणणे अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी नांदेडास आमच्या घरी यावे. फीत आणि तबकडी एकामागून एक लावून दाखवू. चहा ख्याल संपल्यावर मिळेल.