किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार गाडी रस्त्यावर आणण्यासाठी दोन गोष्टी लागतात: चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचे मुदतीतले लायसन्स आणि वाहनाचा किमान थर्ड पार्टी विमा. पोलिसाने अडवले की दाखवायचे दोन सुटे कागद, अशी सर्रास समजूत आहे. प्रत्यक्षात एकाचा आधार सुटला की दुसराही डळमळतो, आणि हे बहुतेकांना कळते ते अपघातानंतर.

थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीने इतरांचे केलेले नुकसान भरून देतो. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला त्यात कमाल मर्यादा नाही. रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी ओन डॅमेज पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि ती ऐच्छिक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ती मुदत संपली की मात्र नूतनीकरण मालकावर सोपवलेले असते, आणि गाडी विम्याविना फिरू लागते ती इथूनच. कायद्याचा धाकही अपुरा आहे. पहिल्यांदा पकडले गेल्यास दंड दोन हजार रुपये, पुन्हा सापडल्यास चार हजार. तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. मात्र १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार हजार सीसीपर्यंतच्या मोटारीचा वर्षाचा हप्ताच २,०९४ रुपये आणि त्यापुढे दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ रुपये. हप्त्याहून दंड स्वस्त असेल, तर बेफिकिरी वाढणारच. दंड हप्त्याच्या पटीत आकारायला हवा.

आता लायसन्सकडे. समजा, मालकाने भाच्याला गाडी दिली. भाच्याकडे शिकाऊ लायसन्स आहे. पण काचेवर ‘एल’ची पाटी नाही आणि शेजारी पक्के लायसन्स असलेले कुणी बसलेले नाही. गाडीने स्कूटरस्वाराला उडवले. विमा कंपनी पॉलिसीच्या अटीचा भंग दाखवून ओन डॅमेजचा दावा फेटाळू शकते. जखमीला मात्र वाऱ्यावर सोडले जात नाही: स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये घालून दिलेल्या तत्त्वानुसार कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देता येते. हा न्याय योग्यच आहे; मात्र वसुलीची रक्कम लाखांत असते आणि घर, शेती, पगार सारेच पणाला लागते. भाचा अल्पवयीन निघाला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

मुदत संपलेल्या लायसन्सचेही तसेच. पूर्वी संपल्यावर तीस दिवसांची सवलत होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येते, त्यामुळे सबबीला जागा नाही. मुदत संपून वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

व्यावसायिक चालकांना मात्र दिलासा मिळाला. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याने साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवल्यास केवळ त्या मुद्द्यावर कंपन्या दावा नाकारत. घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असे लायसन्स पुरेसे ठरवले. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवणाऱ्या हजारोंच्या पोटाचा तो प्रश्न होता.

विकलेल्या गाडीचा विसरही महागात पडतो. आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत, कायद्याच्या दृष्टीने, जुना मालकच मालक असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे फॉर्म २९ व ३० एजंटाच्या हाती सोपवून मोकळे होण्याऐवजी हस्तांतराची नोंद झाल्याची खातरजमा विकणाऱ्यानेच करावी. घेणाऱ्यानेही चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपले नाव लावून घ्यावे.