देवाच्या नावाची जमीन

सत्तरच्या दशकात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या देवराईची तोड ठरली होती. गावाला पाणी पुरवणारा ओढा त्याच राईतून येत होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे पुण्याचे दोन संशोधक तेव्हा देवरायांची पाहणी करत सह्याद्रीत हिंडत होते. गावकऱ्यांनी त्यांच्याकडे गाऱ्हाणे घातले, त्यांनी ते वन खात्यापर्यंत पोहोचवले आणि तोड टळली.

गावाने राई राखली ती देवाच्या धाकाने की पाण्याच्या गरजेने? धर्माचा अभ्यासक एक उत्तर देईल, अर्थशास्त्रज्ञ दुसरे, वनस्पतिशास्त्रज्ञ तिसरे. गाणीच्या माणसांना मात्र देव आणि ओढा वेगळे काढून सांगता आले नसते. यंदाचा हा दिवाळी अंक देवरायांना वाहिला आहे तो त्यामुळेच. ज्ञानशाखांनी आपापल्या भिंती सोडून एका बांधावर उभे राहावे, अशी ही जागा आहे.

गाडगीळ-वर्तकांचा देवरायांवरचा गाजलेला निबंध 1976 मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात आला. 1981 मध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांची सूची प्रसिद्ध केली. त्यामागे पायपीट होती आणि गुरव, मानकरी, गुराखी यांच्याशी केलेल्या गप्पा होत्या. अनेक ठिकाणी देव म्हणजे उघड्यावरचा तांदळा, न घडवलेला दगड, आणि देवाला छप्पर नको ही गावाची समजूत. राईत कुऱ्हाड लावायची नाही, काही ठिकाणी तर वाळकी काटकीही उचलायची नाही.

या वाटेवर आधी चालून गेलेले होते दामोदर धर्मानंद कोसंबी. पेशाने गणिती, पण पुण्याभोवतीच्या टेकड्या त्यांनी पायी पिंजून काढल्या. मातृदेवतांची ठाणी, तिथे सापडणारी अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे आणि जुने व्यापारी मार्ग यांचा मेळ त्यांनी 1962 च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त घातला. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने धनगरांच्या वाड्यांवर जाऊन ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा इतिहास कुरणे, पाऊस आणि मेंढरांच्या वाटांशी जोडल्याशिवाय उलगडत नाही, हे त्याच्या ग्रंथाने दाखवून दिले.

गाव आपली सामाईक जमीन राखू शकते, हे अर्थशास्त्राला उशिरा उमगले. जी जमीन सर्वांची ती अखेर ओरबाडलीच जाणार, असे गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडले आणि ते मत बराच काळ मान्य होते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी देशोदेशींची गायराने, जंगले आणि कालवे तपासून 1990 मध्ये त्याला सप्रमाण उत्तर दिले. हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, देखरेख आणि दंड त्यांच्याच हाती असेल, तर सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. 2009 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. देवराईतही हेच दिसते. कोकणात देवळाच्या दुरुस्तीसाठी राईतले एक झाड हवे असले तरी आधी देवाला कौल लावतात आणि कौल होतो तो गावासमोर. झाड चोरून नेणाऱ्याला देवाइतकाच गावाच्या नजरेचा धाक असतो.

बालीतली गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या भातशेतीचे पाणी ‘सुबक’ नावाच्या शेतकरी मंडळांकडून वाटले जाते आणि त्या पाळ्यांचा मेळ जलमंदिरे घालतात. हरितक्रांतीच्या काळात नव्या जातींची पिके एकामागून एक घेण्याचा आग्रह झाला, मंदिरांचे वेळापत्रक बाजूला पडले, पाण्याची ओढाताण झाली आणि किडीने शिवारे गिळली. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी जेम्स क्रेमर या परिसरशास्त्रज्ञाबरोबर संगणकावर हिशोब मांडला. सगळ्या शेजाऱ्यांनी एकदम शेते पडीक ठेवली की किडीची उपासमार होते आणि सगळ्यांनी एकदम पाणी मागितले की टंचाई होते. या दोन्हींतला सुवर्णमध्य मंदिरांनी साधलेला होता.

पण म्हणून श्रद्धेवर सगळे सोपवून मोकळे होता येत नाही, कारण श्रद्धाही पालटते. तांदळ्याच्या जागी घडवलेली मूर्ती येते, मूर्तीला गाभारा लागतो, गाभाऱ्यापुढे सभामंडप. जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी राईतलीच झाडे विकली गेल्याची उदाहरणे कोकणात आणि घाटावर आहेत. जिने जंगल राखले तीच भक्ती आता ते तोडू शकते, आणि हा बदल समजायला लाकडाचा भाव, नवा रस्ता, शहरातून येणारी वर्गणी असे सगळेच पाहावे लागते. अशा तोडीत जुने बेहड्यासारखे झाड पडले की धनेशाची ढोली जाते. गारंबीचा वेल ज्या झाडांवर चढला, ती गेली की वेलही जातो.

जमिनीचा कागद हा वेगळाच गुंता. सातबाऱ्यावर कुठे देवाचे नाव, कुठे सरकारचे, कुठे वन खात्याचे, कुठे खासगी खातेदारांचे. राखणारा गाव बहुधा कागदाबाहेर. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळांची पाणथळ राई गावाने देवाच्या नावाने सांभाळली होती. 2021 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. असा दर्जा देताना गावाच्या चालीरीतींना आणि हक्कांना निर्णयात जागा हवी, हे या अंकाचे आग्रहाचे म्हणणे आहे. कुंपण आणि फलक एवढ्याने राखण होत नाही.

अंकात वनस्पतिशास्त्रज्ञ, लोकसाहित्याचे अभ्यासक, महसुली दप्तरे चाळणारे वकील आणि प्रत्यक्ष मानकरी यांचे लेख शेजारी शेजारी छापले आहेत. त्यांची मते जुळत नाहीत, आणि ती जुळवून घेण्याचा प्रयत्न संपादनात केलेला नाही. दिवाळीनंतर तळकोकणात जत्रा सुरू होतील, अनेक वाचक गावी जातील. त्यांनी आपल्या राईची हद्द जाणत्यांसोबत एकदा चालून पाहावी, तिचा सातबारा काढावा, तिचे नियम लिहून घ्यावेत आणि गावच्या शाळेत व ग्रामपंचायतीत त्याची एकेक प्रत ठेवावी.