काडतूस कुठाय?

प्रिंटरचं कार्ट्रिज बाजारातून गायब झालं की आपण कंपनीला शिव्या घालतो. आता अशी कल्पना करा, की प्रिंटर ठेवायला लायसन्स लागतं, ते दर पाच वर्षांनी फी भरून रिन्यू करावं लागतं, निवडणूक लागली की प्रिंटर पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते, शाई घरी भरायला बंदी, बाहेरून मागवायला बंदी, आणि देशात ती कोणी बनवतच नाही. हसू नका मंडळी. घरात जरा वेगळ्या कॅलिबरची शिकारी रायफल असलेल्या माणसाची आपल्याकडे हीच गत आहे.

माझ्या एका मित्राच्या वाट्याला आजोबांची .२७५ रिग्बी आलीय. रिग्बी म्हटलं की जिम कॉर्बेट आठवणारच. चंपावतची नरभक्षक वाघीण त्याने १९०७ मध्ये मारली, त्याबद्दल त्याला भेट मिळाली ती याच कॅलिबरची. आता गंमत बघा, .२७५ रिग्बी म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, जर्मन ७×५७ माउझर! इंग्रजांनी मिलिमीटरचे इंच केले आणि आपलं लेबल चिकटवलं. युरोपात हे काडतूस आजही बनतं. म्हणजे माल जगात आहे, फक्त आपल्यापर्यंत येत नाही. आणि कुठून एखादा जुना डबा निघालाच, तर लायसन्सवर '.२७५' आणि डब्यावर '७×५७', हे दोन्ही एकच हे काउंटरपलीकडच्या साहेबांना कोण पटवणार?

हा घोळ आजचा नाहीच. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० वर बंदी घातली. भीती अशी, की या गोळ्या बंडखोरांकडच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी वापरल्या जातील. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय करावं? आपण करतो तेच. वर्कअराउंड! .४५० नाही चालत ना, मग घ्या .५००/४६५, घ्या .४७०, .४७५, .४७६. शे-दीडशे किलोमीटरवर एक दुकान असलेल्या देशात इतकी कॅलिबरं, आणि एकाचं काडतूस दुसऱ्याला चालत नाही. आपल्या संस्थानिकांनी हौसेने ती घेतली. .३०३ लष्कराची म्हणून सामान्य माणसाला बंद, तर त्यावर तोड निघाली .३१५. ही मुळात ऑस्ट्रियन सैन्याची ८×५० मानलिखर. ते साम्राज्य बुडून शंभर वर्षं उलटली, पण त्याचं काडतूस बनत आलं कुठे, तर आपल्या खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत. रायफल तिकडे बंगालमध्ये, इशापूरला. पुण्यातल्या आयटीवाल्यांनो, ऑफिसला जाताना खडकीवरून गेलात तर आठवा.

तर .३१५ वाल्याला निदान सपोर्ट आहे. बाकीचे सगळे लेगसी. त्यांचा मोठा पुरवठादार किनॉक. त्या कंपनीने १९७० च्या सुमारास ही मोठी रायफल-काडतुसं बनवणं सोडलं. पुढे ते नाव इंग्लंडात पुन्हा सुरू झालं, पण आपल्याला त्याचा काय उपयोग? आयात करायची सोय नामांकित नेमबाजांना आणि रायफल क्लबना. साध्या लायसन्सवाल्याला नाही. अमेरिकेत असा माणस रिकामी पितळी केस उचलतो, नवी कॅप, नवी दारू, नवी गोळी बसवतो आणि मोकळा होतो. आपल्याकडे काडतूस बनवणं म्हणजे शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार निर्मिती, त्याला वेगळं लायसन्स. ते स्वयंपाकघराच्या टेबलावर मिळत नसतं.

मग लोक काय करतात? दोनच गोष्टी. पहिली, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा डबा कपाटात जपून ठेवतात आणि कधीतरी त्यातलं एक ओढतात. जुनी कॅप कधी उडतच नाही, कधी घोडा पडल्यावर क्षणभराने उडते, तोवर तुम्ही बोल्ट उघडलेला असतो. उडाली तरी त्या काळच्या बऱ्याच कॅप्समधला क्षार नळीत राहतो आणि गरम पाण्याने धुतली नाही तर ती गंजते. दुसरी गोष्ट, 'ओळखीने' मिळवतात. म्हणजे कायदा पाळायला निघालेल्या माणसाला कायदाच चोरबाजाराचा पत्ता देतो.

आता नेहमीचा प्रश्न. १९७२ ला शिकार बंद झाली, मग रायफल हवीच कशाला? शिकार बंद झाली हे उत्तमच झालं, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण रायफल नकोच असेल तर सरकारने तसं सरळ म्हणावं ना! लायसन्स द्यायचं, फी घ्यायची, त्यावर काडतुसांची संख्या ठरवून द्यायची आणि ती कुठून आणायची हे सांगायचं नाही, याला धोरण म्हणत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. साहजिकच घरातली .३१५ राहते आणि कोणाला नको असलेली रिग्बी जाते. कुठे जाते, हे मात्र कोणी विचारत नाही.

'परंपरा, वारसा' असं म्हणत गळे काढणारे शौकीनही काही कमी नाहीत. यांना गोळ्या मोकाट हव्यात. ते नको बुवा. अमेरिकेचं काय झालंय ते दिसतंय सगळ्यांना.

माझं म्हणणं अगदी छोटं आहे. ज्या कॅलिबरचं लायसन्स रिन्यू करता, त्याची वर्षाला ठरावीक पाच-दहा काडतुसं सरकारी कंपनीमार्फत मागवून द्या, रिकाम्या केस परत घ्या, सगळा हिशोब ठेवा. लायसन्सच्या नोंदीत .२७५ च्या शेजारी ७×५७ लिहा, हे एक तासाचं डेटाबेसचं काम आहे, हवं तर मी फुकट करून देतो. आणि हे जमणार नसेल तर धारकाला लेखी कळवा, की या शस्त्राला काडतूस मिळणार नाही. म्हणजे तो ते म्युझियमला तरी देईल, ठाण्याच्या मालखान्यात गंजणार नाही.