गुन्हा कोणता धरायचा?



गेल्या महिन्यात माझ्या पहिल्या नोकरीच्या कंपनीकडून एक जाड पाकीट आलं. तिथल्या प्रयोगशाळेत मी सात वर्षं होते. पत्राचा मथितार्थ असा, की तुमचं पेन्शन यापुढे आमच्याऐवजी एक विमा कंपनी देईल, तुम्ही काहीही करायची गरज नाही. रक्कम किरकोळच आहे, पण "काहीही करायची गरज नाही" असं कुणी लिहिलं की मला उगाचच पत्र दोनदा वाचावंसं वाटतं.

योगायोगाने त्याच आठवड्यात मुलाबरोबर ऑलिव्हर स्टोनचा 'वॉल स्ट्रीट' (१९८७) पाहिला. मुलगा कॉलेजात बिझनेस शिकतो. त्याला गॉर्डन गेकोचं हाव किती चांगली असते ते सांगणारं भाषण पाठ होतं, सिनेमा मात्र त्याने पाहिलेला नव्हता! त्याच्या बहुतेक मित्रांचं असंच आहे म्हणे. मायकेल डग्लसला या खलनायकासाठी ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर तरुण ब्रोकरांच्या पिढ्यांनी त्याला आदर्श मानलं. स्टोनचे वडील स्वतः शेअर ब्रोकर होते, त्याला हे नक्कीच अभिप्रेत नसावं.

कथा आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. बड फॉक्स हा धडपड्या ब्रोकर गेकोच्या मर्जीत शिरण्यासाठी वडिलांकडून सहज बोलताना कळलेली ब्लूस्टार एअरलाइन्सची आतली बातमी त्याला देतो. वडील तिथेच मेकॅनिकांचे फोरमन आणि युनियनचे पुढारी. पुढे गेको ब्लूस्टारच विकत घ्यायला निघतो. कंपनी चालवू, वाढवू असं सांगून युनियनकडून पगारकपात कबूल करून घेतो. खरा बेत असतो विमानं आणि हँगर विकून टाकायचा आणि कामगारांच्या पेन्शन फंडात 'जास्तीची' पडलेली रक्कम उचलायचा.

शेवटी बडला बेड्या पडतात, त्या आतल्या माहितीवर शेअर घेतल्याबद्दल. पेन्शन फंडाकडे डोळा ठेवणं हा गुन्हा नव्हताच! मला हा सिनेमाचा गाभा वाटतो, आणि नेमका तोच कुणाच्या लक्षात राहत नाही.

हे स्टोनच्या डोक्यातून आलेलं नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या स्कोशिया गावची पॅसिफिक लंबर ही रेडवूडची जुनी कंपनी १९८५-८६ मध्ये मॅक्सॅमने जंक बॉण्डच्या कर्जावर विकत घेतली. कर्ज फेडायचं म्हणून झाडं कितीतरी वेगाने तोडली जाऊ लागली. झाडांसाठी झालेली आंदोलनं गाजली, पेन्शनचं काय झालं ते फारसं नाही. नव्या मालकांनी पेन्शन योजनाच बंद केली, कामगारांसाठी एक्झिक्युटिव्ह लाइफ या विमा कंपनीकडून ॲन्युइटी (म्हणजे दरमहा ठराविक पैसे देणारी पॉलिसी) घेतल्या, आणि उरलेले पाच कोटी डॉलरहून जास्त पैसे स्वतःकडे घेतले. त्या विमा कंपनीची गुंतवणूक कशात होती? मुख्यतः जंक बॉण्डमध्येच! एप्रिल १९९१ मध्ये ती बुडीत निघाली आणि कॅलिफोर्निया सरकारने ताब्यात घेतली. निवृत्त लाकूडकामगारांच्या पेन्शनला काही काळ कात्री लागली. पेन्शन योजनांना असलेली केंद्र सरकारची हमी ॲन्युइटी घेतल्यावर संपते, हे अनेकांना तेव्हा कळलं. जी काही दाद मागायची ती दिवाणी दाव्यांतून.

त्यातही 'जास्तीची रक्कम' ही मोजून ठेवलेली थैली नसते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत व्याज किती मिळेल, माणसं किती जगतील या गृहीतकांवरून काढलेला तो आकडा असतो. व्याजाचा दर जरा चढा धरला की कागदावर पैसे जास्त दिसायला लागतात. आमच्या प्रयोगशाळेत कुणी असं गृहीतक हवं तसं हलवलं तर पेपर परत येईल. पुढे काँग्रेसने असे पैसे काढण्यावर कर बसवला आणि १९९० मध्ये तो ५० टक्क्यांपर्यंत नेला. बंदी मात्र घातली नाही.

आता दुसरी बाजू. २०१२ मध्ये एफबीआयने खुद्द मायकेल डग्लसला घेऊन एक जाहिरात केली. विषय अर्थातच इनसायडर ट्रेडिंग. त्याच वर्षी रजत गुप्ता दोषी ठरले. गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळातली बातमी त्यांनी सप्टेंबर २००८ मध्ये राज राजरत्नमला फोनवर दिली होती. गुप्तांना दोन वर्षं शिक्षा झाली. आपल्या भारतीय मंडळींत तेव्हा किती हळहळ आणि किती वाद झाले ते आठवत असेल. शिक्षा योग्यच होती असं माझं मत आहे. पण ज्या २००८ सालात तो फोन झाला, त्या साली लाखो लोकांची घरं गेली आणि अमेरिकेतल्या बड्या बँकांचा एकही प्रमुख तुरुंगात गेला नाही. फोनचं रेकॉर्डिंग कोर्टात ऐकवता येतं. वाईट कर्जांची चवड कोणी आणि कशी रचली हे ज्यूरीपुढे सिद्ध करणं अवघड, आणि त्यातलं बरंचसं कायद्यात बसणारंच होतं.

मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आई, मग गेकोने चूक काय केली?" त्याच्या वर्गात ब्लूस्टारचं प्रकरण 'व्हॅल्यू अनलॉक करणं' या नावाखाली शिकवतील, असंही म्हणाला. मी बडच्या वडिलांचा प्रसंग पुन्हा लावला. मार्टिन शीन आणि चार्ली शीन हे खरेच बापलेक असल्याने तो झोंबतो. मुलगा काही बोलला नाही, पण फोनही बघत नव्हता.

माझ्या पत्रात गैर काही आहे असं मी म्हणत नाही. जनरल मोटर्सनेही २०१२ मध्ये आपल्या अनेक निवृत्तांचं पेन्शन प्रुडेन्शियलकडे सोपवलं, आणि १९९१ नंतर विमा कंपनी निवडण्याचे नियमही कडक झाले आहेत. तरी मी जुन्या कंपनीला तीन प्रश्न लिहून पाठवले: ही विमा कंपनी कोणी निवडली, आणखी कोणत्या पाहिल्या होत्या, आणि ती बुडाली तर माझ्या राज्यातली हमी किती रकमेपर्यंत आहे. (ही मर्यादा प्रत्येक राज्यात वेगळी असते.) आपल्यापैकी कुणाला असं पाकीट आलं असेल तर टाकून देऊ नका, मला कळवा. माझ्या प्रश्नांना उत्तर आलं की पुढच्या अंकात देईन.