दानाची पिशवी नको, घामाचा दाम टाका!



विहिरींनी तळ गाठला, डाळ-तेलाचे भाव माडीवर चढले, की जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात दानशूरांच्या गाड्या येऊ लागतात. थोडे तांदूळ, थोडी डाळ, तेलाची पिशवी. देणारे दहा, घेणारी म्हातारी एक, असा फोटो! म्हातारीने मान वर केल्याशिवाय पिशवी हातातून सुटत नाही. वाहवा रे दानत!

भुकेल्याच्या ताटात पडलेली भाकरी ही भाकरीच. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. 1877 च्या दुष्काळात जोतीराव फुल्यांनी धनकवडीला बालाश्रम काढून उपाशी लेकरांना जेवू घातले. पण शेतकरी उपाशी का, हेही त्यांनी सरकारला ठणकावून विचारले. आजचा दानशूर पहिले करतो. दुसऱ्याची वेळ आली की गाडीत बसतो!

इथे पाऊस पडत नाही काय? अहो, भीमाशंकरच्या डोंगरावर तो धो धो कोसळतो! डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, कुकडी प्रकल्पाची ही पाचही धरणे याच दोन तालुक्यांत. डिंभ्याच्या पाण्याखाली आदिवासींची भातखाचरे गेली. कालवे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याला पोचले. पोचू द्यात की! तिथला शेतकरीही आमचाच भाऊ. पण ज्याची जमीन बुडाली त्याच्याच बायकोने एप्रिलात हंडा घेऊन डोंगर उतरायचा, हा कुठला न्याय? ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत हे दोन्ही तालुके नव्हते. कागदावर हिरवे, हंड्यात कोरडे!

आणि हिरडा? आमच्या कोळी-ठाकरांचा रोख पैसा तोच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने हिरड्याची झाडे झोडपली. भरपाईसाठी मात्र वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. हा पैसा वेळेवर हाती पडता, तर वाण्याच्या दुकानी मान खाली घालावी लागती काय?

1972 च्या दुष्काळातून महाराष्ट्राने धडा घेतला. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला: मागेल त्याला काम, कामाला दाम. 2005 मध्ये दिल्लीने तीच कल्पना साऱ्या देशासाठी उचलली. मराठी राज्याने हे करून दाखवले, आणि त्याच राज्यात आमच्या पोरांनी कामासाठी नारायणगाव-मंचरच्या नाक्यावर उभे राहावे? पडकई आमच्या बापजाद्यांची. उतारावर ताली घालून चार घरे मिळून भातखाचर काढतात. त्याला मजुरी द्या. खाचर पिढ्यान् पिढ्या जेवू घालील. तुमची पिशवी किती दिवस पुरते हो? आठ? दहा?

हे रान भीक मागणाऱ्यांचे नव्हे. 1884-85 च्या सुमारास याच जुन्नर भागातल्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायचे साफ नाकारले होते.

तेव्हा दानशूरांनो, पुढच्या खेपेला जरूर या, पिशव्याही आणा. पण वाटून झाल्या की लगेच परतू नका. आमच्याबरोबर जुन्नरच्या नि घोडेगावच्या कचेरीपर्यंत चला आणि साहेबांना विचारा: गावात काम कधी उघडणार? टँकर कधी? हिरड्याला भाव काय? फोटो तिथे काढू. सगळ्यांचा!